बुडालेल्या बोटींच्या आत्या

बुडालेल्या बोटींवर आमच्या हिच्या आत्यांनी जेवढी माया केली, तेवढी तरंगणाऱ्या बोटींवर त्यांच्या मालकांनीही केली नसेल. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून असलेल्या एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. लग्न केलं नाही. तीस वर्षं एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून परीक्षानळ्या धुतल्या आणि निवृत्त झाल्यावर इतर बायका जिथे गुडघ्यांकडे वळतात तिथे या बोटींकडे वळल्या. त्यांच्या दिवाणाखाली ट्रंका आहेत आणि त्या ट्रंकांत जगातल्या सगळ्या समुद्रांच्या तळाशी गेलेल्या बोटी आहेत. कात्रणं, नकाशे, सायबर कॅफेतून काढून आणलेल्या छापील प्रती. पाहुणा आला की पाण्याच्या ग्लासाआधी त्याच्यापुढे एखादी बोट येते. बोटी नंतर आल्या, पाण्याची धास्ती मात्र आधीपासूनच होती. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी रिवाजाप्रमाणे पाया पडायला गेलो, तर त्यांनी मला तोंडभर आशीर्वाद दिला आणि विचारलं, "पोहता येतं का?" मी नाही म्हणालो. त्या हिच्याकडे वळून म्हणाल्या, "बघ बाई, अजून वेळ आहे."

तेव्हापासून त्या मला जावईबापू म्हणतात, पण त्या शब्दातला मान फक्त उच्चारापुरता असतो. आमच्या वास्तूच्या कार्यक्रमाला त्या आल्या, जेवल्या आणि मग हात धुता धुता त्यांनी माझ्या आईची चांदीची वाटी मागून घेतली. बादलीत पाणी भरलं, वाटी तरंगत ठेवली आणि तिच्यात एकेक शेंगदाणा टाकू लागल्या. भोवती पंधरा-वीस माणसं जमली. वाटी शेंगदाण्यांनी भरली तरी तरंगत होती. "बघा. माणसं जास्त झाली म्हणून बोट लगेच बुडत नाही," आत्या म्हणाल्या, "आता लाट आली. पाणी आत आलं. माणसं घाबरली आणि एका बाजूला धावली." त्यांनी बोटाने सगळे शेंगदाणे एका कडेला सारले. वाटी कलंडली आणि बुडबुडासुद्धा न काढता तळाला गेली. माझी आई म्हणाली, "वाटी काढा आधी." तेवढ्यात आत्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. "बघा, वर काढायचा विचार सुचेपर्यंतच संपतं," त्या म्हणाल्या. त्या दिवशीची खीर कशी झाली होती ते आज कुणाला आठवत नाही. वाटी सगळ्यांना आठवते.

लिफ्टमध्ये शिरताना त्या माणसं मोजतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवरा-नवरीला भेटण्याआधी मागचं दार कुठे आहे ते पाहून येतात, आणि त्याला कुलूप असलं तर ते उघडेपर्यंत अक्षता हातात धरून उभ्या राहतात. एकदा आम्ही त्यांना घेऊन गेटवेवरून मांडव्याला निघालो. माझ्या आयुष्यातली ती सर्वात लाजिरवाणी सहल, असं मी बरीच वर्षं मानत होतो. बोट भरली, खलाशी दोर सोडणार, एवढ्यात आत्यांनी लाइफ जॅकेटं कुठे आहेत म्हणून विचारलं. खलाशाने बाकाखालच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीला कुलूप होतं. "किल्ली?" किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस मांडव्याला होता. आत्या उठल्या आणि बोट आणि धक्का यांच्यामध्ये टाकलेल्या फळीवर जाऊन उभ्या राहिल्या. एक पाय बोटीत, एक फळीवर. आता त्यांना ओलांडल्याशिवाय फळी काढता येईना. लोक ओरडायला लागले. "ओ मावशी, टेन्शन कशाला घेता, रोज जाते ही बोट!" एक गॉगलवाला गृहस्थ तर माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या आहेत ना? सांभाळा की!" मी समुद्रात सीगल पाहत असल्याचं दाखवत होतो. आत्यांचा आवाज चढला नाही. "रोज जाते म्हणूनच विचारतेय. ज्या बुडाल्या त्याही रोजच जात होत्या," त्या म्हणाल्या. शेवटी कुठून तरी पाना आला, कुलूप तुटलं आणि अर्ध्या तासाने ती बोट मांडव्याला निघाली तेव्हा तिच्यावरचा एकूण एक प्रवासी नारिंगी जॅकेट घालून वेफर्स खात बसला होता. उतरताना त्या गॉगलवाल्याने आत्यांबरोबर फोटो काढून घेतला.

हे वेड त्यांना लागलं कसं, हे लोक नेहमी विचारतात, आणि त्याला थोडा मीच, म्हणजे माझी मुलगी, कारण आहे. ती सहावीत असताना शाळेने 'प्रसिद्ध जहाजे' असा प्रोजेक्ट दिला. आत्या निवृत्त होऊन घरी बसलेल्या, त्यामुळे चित्रं चिकटवायचं काम त्यांच्याकडे गेलं. त्यांनी टायटॅनिक चिकटवली आणि तिच्यापुढच्या पानावर स्वतःच्या हाताने 'रामदास' काढली. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली बोट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सत्तेचाळीस सालच्या जुलैत, गटारीसाठी घरी चाललेल्या चाकरमान्यांनी भरलेली. किनारा फार लांब नसताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वही परत आली तेव्हा टायटॅनिकला 'छान' होतं आणि रामदासच्या खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'असे जहाज आढळत नाही.'

दुसऱ्या दिवशी आत्या शाळेत गेल्या. ही घाबरली, म्हणाली, आता आपल्या पोरीचा दाखला हातात येणार. पण आत्या तासाभराने शांतपणे परत आल्या. "चांगली मुलगी आहे," त्या शिक्षिकेबद्दल म्हणाल्या. "विदर्भातली आहे. नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. तिची काही चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नाही." मग चष्मा काढून पुसत राहिल्या. "आणि सांगणार तरी कोण? ही बोट जिथून निघाली त्या बंदराच्या समोर आपण राहतो, जावईबापू. तुम्हाला तरी कुणी सांगितलं?"

तेव्हापासून त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. काही बोटी जगाच्या लक्षात राहतात आणि काही राहत नाहीत, हे कसं? त्यांनी पुस्तकं आणली, कोश चाळले, माझ्या मुलीला इंग्रजीतून वाचून दाखवायला लावलं. बारशात, साखरपुड्यात, कुणी गेल्यावरच्या जलदान विधीच्या जेवणात, जो शेजारी बसेल त्याला त्या आपला निष्कर्ष सांगत. टायटॅनिकला बुडायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला. समुद्र शांत होता. एवढ्या वेळात माणसं मोठेपणाने वागू शकतात आणि हलकटपणानेही, आणि दोन्हींची गोष्ट होते. वाचलेली माणसं होती, त्यांचं ऐकायला वर्तमानपत्रं होती, आणि मुख्य म्हणजे कोण कोण बोटीवर होतं त्याची यादी होती. फिलिपाइन्सची डोना पाझ घ्या. टायटॅनिकच्या दुपटीहून जास्त माणसं गेली. पण ती सणासाठी घरी चाललेली साधी माणसं, आणि यादीत नावं नसलेलीच किती तरी. सेनेगलच्या ल जूलाचं तेच. आणि एम्प्रेस ऑफ आयर्लंड तर चौदा मिनिटांत बुडाली आणि दोनच महिन्यांत महायुद्ध सुरू झालं, मग कोण आठवतो? "आपल्या रामदासचं तसंच," त्या म्हणत. "महिनाभरात स्वातंत्र्य आलं. सगळा देश झेंड्याकडे बघत होता. रडणाऱ्या घरांकडे कोण बघणार?"

एकदा माझ्या मेव्हण्याने त्यांना अडवलं. तो वाचणारा आहे. म्हणाला, "आत्या, लुसिटानिया अठरा मिनिटांत बुडाली. तरी ती सगळ्यांना माहीत आहे. तुमचा नियम मोडला." आत्यांनी भात कालवता कालवता उत्तर दिलं. "ती लक्षात राहिली नाही. ती लक्षात ठेवली. तिची आठवण काढणं युद्धात कुणाच्या तरी सोयीचं होतं. रामदासची आठवण काढणं कुणाच्याच सोयीचं नाही, म्हणून ते मी करणार."

आणि मग त्यांनी यादी करायला घेतली. रामदासमध्ये कोण कोण गेलं त्यांची नावं. ज्याला ही गोष्ट सांगत तो प्रत्येक माणूस एकच विचारी, "तुमचं कोणी होतं का त्या बोटीत?" आत्या म्हणत, "नाही. असायलाच पाहिजे का?" मीही एकदा हळूच तोच प्रश्न जरा फिरवून विचारला. त्या म्हणाल्या, "माझ्या आजीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. गावच्या दप्तरात आमच्या अख्ख्या वस्तीची नोंद एका जातीच्या नावाने. माणसं किती, कोण, काही नाही. नाव लिहिलं नाही की माणूस झालाच नाही असं धरून चालतात लोक. मला ते चालत नाही."

दर गुरुवारी त्या एसटीने किंवा मिळेल त्या गाडीने पेण, अलिबागकडच्या गावांत जाऊ लागल्या. पिशवीत पाण्याची बाटली, दोन पोळ्या, निळ्या कव्हरची वही. कुठे चहा मिळे, कुठे दारातूनच वाटेला लावत. एका गावात त्यांना मतदार यादीवाल्या बाई समजून लोकांनी नळाच्या तक्रारी सांगितल्या. आत्यांनी त्याही लिहून घेतल्या आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिल्या. परत येऊन मला फोन करत, "आज दोन मिळाले." कधी म्हणत, "आज एक. पण नक्की."

माझं ऑफिस जासईजवळ आहे, कंटेनर यार्डांच्या गराड्यात. तिथला माझा एक सहकारी जासईचाच. त्याच्याकडे मी सहज बोललो, तर तो म्हणाला, "आमच्या गावात एक म्हातारी हाय, माहेर रेवसकडचा. तिचा बापूस त्या बोटीनच गेला सांगतात." मी ही बातमी आत्यांना दिली आणि पुढच्या गुरुवारी सकाळी साडेआठला त्या माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या.

म्हातारीच्या मुलाने आम्हाला दारातच थांबवलं. साठीचा, गळ्यात चेन, अंगणात दोन ट्रेलर उभे. पूर्वी भातशेती होती, जमीन गेल्यावर ट्रेलर आले. उर्मट नव्हता, पण ठाम होता. "मॅडम, आईचं वय पंच्याऐंशीच्या आसपास आहे. बीपी आहे. कशाला नको ते उकरता? आम्ही घरात कधी तो विषय काढत नाय."

"बरोबर आहे तुमचं. मी पुढच्या गुरुवारी येते," आत्या म्हणाल्या.

"पुढच्या गुरुवारी पण तेच सांगीन."

"सांगा."

पुढच्या गुरुवारी मुलगा घरात नव्हता. म्हातारी पडवीत बसून भिजवलेल्या वालाची सालं काढत होती. बारीक, वाकलेली, पण बोटं चपळ. आत्यांनी विचारलं, "बसू का?" तिने मान हलवली. "कुठल्या तुमी?" आत्यांनी महाडकडच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि आम्ही बौद्ध असंही सांगितलं. म्हातारीने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वालाचं ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. तासभर दोघी वाल सोलत होत्या. बोटीचं नाव आत्यांनी काढलं नाही. मी गाडीत बसून ऑफिसचे फोन घेत होतो आणि मनात म्हणत होतो, या बाईने माझी अर्धी रजा बिरड्यात घालवली. निघताना मी तसं बोलूनही दाखवलं. आत्या म्हणाल्या, "आज तिने मला बसू दिलं. एका दिवसात आणखी किती मागायचं माणसाने?"

तिसऱ्या गुरुवारी मला ताप होता, म्हणून आम्ही गेलो नाही. शुक्रवारी सकाळी त्या मुलाचाच फोन. आवाज उतरलेला. "साहेब, त्या मॅडम काल आल्या नाय. आई दिवसभर विचारते, ती बाय आली नाय का. जेवली पण नाय नीट. येता का आज?"

आम्ही गेलो तेव्हा म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. आत्यांनी वही काढली नाही. म्हातारीच म्हणाली, "लिव. मी सांगतंय ता लिव."

ती सहा वर्षांची होती. बाप मुंबईला गोदीत कामाला. गटारीला येणार म्हणून निरोप आलेला. आई तिला कडेवर घेऊन धक्क्यावर गेली. वारा होता, पाऊस होता, बोट काही दिसेना. "मंग मचवं आलं कोल्यांचं. मुंबईला मासली घेऊन निंगालेलं, पन मासली नव्हती. सगली दर्यान टाकून दिलेली नि मानसां भरून आनलेली. कुनी जिती, कुनी नाय. माजी आयस येकेका मचव्यापाशी जाय नि बघं. येकेकाचा तोंड बघं. सांच होईपरयंत. मंग मना बोलली, चल, बाबा पुढचे बोटीन येल." तिने पदर सारखा केला. "ती मरंपरयंत तसाच बोलं. पुढचे बोटीन येल."

मुलगा दाराला टेकून उभा होता. "आये," तो म्हणाला, "तू हे मना कवा सांगलंस नाय."

"तू कवा इचारलास?"

तो खाली पायरीवर बसला. आत्यांनी हलकेच विचारलं, "बाबांचं नाव काय, माय?" आणि मग जे झालं ते मी विसरू शकत नाही. म्हातारीला नाव येत होतं, पण ते तोंडातून निघेना. तिच्या आईने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. ती स्वतः बाबा म्हणायची. लग्नानंतर तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागलं, रेशन कार्डावर तेच, आधार कार्डावर तेच. बापाचं नाव मोठ्याने उच्चारायची वेळ ऐंशी वर्षांत आलीच नव्हती. तिने दोनदा ओठ हलवले. आत्यांनी घाई केली नाही. साठ वर्षांचा मुलगा आईच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण आपल्या आजोबांचं नाव त्यालाही माहीत नव्हतं.

"धाया," ती शेवटी म्हणाली. "धाया. उंच होता."

आत्यांनी लिहिलं. धाया, रेवसकडचा, गोदी कामगार. आणि पुढे 'उंच' असंही लिहिलं. मी विचारलं, यादीत हे कशाला? तर म्हणाल्या, "तिने दिलंय ते सगळं लिहायचं."

यंदाच्या जुलैत आत्यांनी ठरवलं की यादी मोठ्याने वाचायची. या नावांचा फलक लावायचा अर्ज त्यांनी एका कचेरीत केला होता, तिथल्या साहेबांनी विचारलं की यादी अधिकृत आहे का. आत्या म्हणाल्या, "अधिकृत असती तर मी कशाला केली असती?" आणि अर्ज परत घेऊन आल्या. मी सुचवलं, भाऊच्या धक्क्यावर वाचू, बोट तिथूनच निघाली होती. त्यांनी मान हलवली. "निघाली तिथे नाही. पोचायची होती तिथे वाचू."

म्हणून आम्ही रेवसला गेलो. मी, ही, आमची आता कॉलेजात जाणारी मुलगी, आणि मागच्या गाडीत जासईची म्हातारी आणि तिचा मुलगा. आभाळ भरून आलेलं, धक्क्यावर शुकशुकाट. जाळी दुरुस्त करणारे दोघं-तिघं आणि चहाच्या टपरीवरची एक बाई, एवढेच श्रोते. माइक नाही, हार नाही, भाषण नाही. आत्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, आणि मिळालं असेल ते. कुणाचं आडनाव नव्हतं. कुणाचं फक्त 'अमक्याची सून' होतं. वाऱ्यावर आवाज पुरेना, म्हणून त्या प्रत्येक नावाला ओरडू लागल्या, जशा शाळेत हजेरीला बाई ओरडतात. सहाव्या पानावर त्यांना खोकला लागला. पाणी प्यायल्या, परत वाचायला गेल्या, आवाजच फुटेना. त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

आयुष्यभर मी चारचौघांत त्यांच्या शेजारी उभं राहायचं टाळत आलो. पण मी वही घेतली. पहिली दोन नावं पुटपुटली. आत्यांनी माझ्या दंडाला धरून हलवलं, म्हणजे मोठ्याने. मग मी मोठ्याने वाचलं. पाण्याकडे तोंड करून, एकेक नाव सुटं करून. जाळीवाले उठून उभे राहिले होते. धाया आला तेव्हा म्हातारीने हात जोडले नाहीत की रडली नाही. फक्त "हां" म्हणाली, वर्गात आपलं नाव आल्यावर म्हणतात तसं. यादी संपली तेव्हा टपरीवाली बाई पदराला हात पुसत पुढे आली. "आमचे सासूबाईंचा भाव पन होता त्यान. त्याचा नाव नाय आला." आत्यांनी आवाज नसलेल्या गळ्याने, खुणेनेच, माझ्याकडून वही मागितली.

परतताना पेणच्या पुढे आल्यावर त्यांचा आवाज थोडा परतला. मी विचारलं, "बरं वाटतंय का आता?"

"मला वाटलं होतं, वाचून झालं की हलकं वाटेल," त्या म्हणाल्या. "नाही वाटत. आता ती सगळी माझीच माणसं झालीत, जावईबापू. आधी मला कुणाचं दुःख नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण असू दे. पुढच्या गुरुवारी टपरीवालीकडे जायचंय." आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या. झोपेत त्या एवढ्याशा दिसत होत्या. वय किती झालं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता.

कोपरखैरण्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हिला आणि मुलीला गाडीत ठेवून मी त्यांना तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडायला गेलो. त्या एकेका पायरीवर थांबत होत्या. दार उघडलं, दिवा लावला, पिशवी खुंटीला अडकवली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उद्याचं काही काम सांगणार.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पोचलात की फोन करा."

इथून आमचं घर दहा मिनिटांवर आहे. मी हो म्हणालो. आणि घरी पोचल्यावर, बूटसुद्धा न काढता, आधी फोन केला.